कनवटीची अफू

मुलांनो, तुमच्या पत्रात होतं की रंगूनच्या डॉक्टरनं कुत्र्याला क्लोरोफॉर्म देऊन दात काढला आणि त्याला काही कळलंसुद्धा नाही. ते वाचल्यापासून माझा राग जात नाही. तुमच्यावर नव्हे. कुणावर, ते आता सांगूनच टाकते.

मी नऊ वर्षांची होते. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला कापूस कमी पडला होता आणि आमच्या वलगावाहून अमरावतीला गाड्यांची रीघ लागलेली असे. त्या गर्दीत आमच्या बैलाचं शिंग दुसऱ्या गाडीच्या जोखडात अडकून मोडलं. मुळाशी सडलं, किडे पडले. करवतीनं कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अशा वेळी बैलाला आधी गुळातून अफू देत. अंमल चढला की तो मुकाट पडून राही.

ढोरवैद्य करवत घेऊन आला, पण अफू मिळाली नाही. दुकानातली सगळी गाडीवाल्यांनी उचलली होती. लंगड्या बैलाला ती चारली की त्याला दुखणं कळत नाही आणि तो खेप ओढतो.

माझ्या काकाच्या कनवटीला मात्र एक गोळी होती. वैद्याला ती दिसली.

"पाटील, कनवटीले काय हाय?"

"ते उद्याच्या खेपेचं हाय. आपला दुसरा बैल लंगडा हाय, तो चालला पाह्यजे."

"म्हंजे चालणाऱ्याले अफू, अन् कापून घेणाऱ्याले कोरडा गूळ! लय मोठं मन हाय बा तुमचं."

"वैद्यबुवा, करवत चालवा. तोंड कायले चालवता? पोरीले बोलवा, तिच्या हातचं खाते तो."

मी सगळं ऐकलं होतं. तरी गूळ घेऊन गेले. तो माझ्या तळहातावरचा गूळ चाटत होता, तेवढ्यात चौघांनी दोर ओढून त्याला पाडलं. पुढचं मी लिहिणार नाही.

बैल जगला. पण पुन्हा त्यानं माझ्या हातचं काही खाल्लं नाही. मला पाहिलं की मान फिरवायचा. लंगडा दुसऱ्या दिवशी अफूच्या अंमलात अमरावतीपर्यंत चालला. तिथून परत आला नाही.

पुढे मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, तेव्हा क्लोरोफॉर्मबद्दल वाचलं. तो आमच्या गावात नव्हता, याचा मला राग नाही. अफू घरात होती.

त्या शिंगाचा तुकडा माझ्या पेटीत आहे. त्यावर करवतीच्या दात्यांचे चरे अजून दिसतात.