फौजेतून परतलेला दीर

माझा धाकटा दीर फौजेतून परतला तो आजार घेऊनच. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. सव्विसाव्या वर्षी त्याला कायमचं घरी पाठवलं. नामांतराच्या दंगलीत आमच्या वस्तीतली घरं जळाली तेव्हा तो सरहद्दीवर होता. पुढं सुट्टीवर आला, तोवर आम्ही नवे पत्रे टाकले होते. पण भिंती काळ्याच होत्या. त्या त्यानं हात लावून पाहिल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ बंद आणि पडून राहायचं. मीठ त्यानं सोडलं. पडून राहणं मात्र जमेना. लिंबाखाली बाज टाकून दिली तरी थोड्या वेळानं हा वस्तीच्या टोकाला, बोरी गावाकडच्या रस्त्यावर नजर लावून उभा. जीपचा आवाज आला, गावात कुणी मोठ्यानं बोललं, की हातातला घास ताटात. जेवायला बसायचा तोही दाराकडं तोंड करून. त्याचं पाहून पाहून आम्हीही सारखं दाराकडं बघायला लागलो. सासूबाई म्हणायच्या, हा कुणाची वाट बघायलाय कळंना.

त्याच दिवसांत मला शेजारच्या गावात बालवाडीचं काम मिळालं. माझे मालक नको म्हणाले. रस्ता लांबचा, वातावरण बरं नाही, एकट्या बाईनं कशाला जायचं. दिरानं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी कुणाची तरी सायकल मागून आणली.

गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर तो मला शिकवायचा. मागून कॅरिअर धरून पळायचा. पाय इतके सुजलेले की चपलेचे पट्टे मांसात रुतायचे. मी दोनदा पडले, गुडघा फुटला, तरी थांबू देईना. एकदा मालक माळावर आले आणि भावावर भडकले. जिवाची काही पर्वा आहे का, म्हणाले.

तो धापा टाकत कॅरिअरला टेकला. "दादा, बसून ऱ्हायलो की मला लय घाबरल्यावानी होतंय. वैनीला जाऊ दे. भिऊन घरात बसलेलं माणूस मला बघवत न्हाई."

मालक तसेच परत फिरले. मी सायकल शिकले, बालवाडीवर जायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला परभणीला दवाखान्यात ठेवावं लागलं. भेटायला गेलं की स्वतःच्या तब्येतीचं सोडून तो विचारायचा, वस्तीत सगळं ठीक आहे ना. ठीक आहे म्हटलं तरी पुन्हा विचारायचा. पाऊस लागायच्या आत तो गेला.

मातीला मानवत गावाकडचे दोन जवान आले. त्याच्याच पलटणीतले, सुट्टीवर होते. दोघंही मराठ्यांची पोरं, वर्दी घालून आलेली. त्यांनी खांदा दिला. आम्ही त्रिशरण म्हणत होतो तेव्हा दोघं ताठ उभे राहिले, नंतर सलाम केला. गावातली माणसं लांब पारावरून बघत होती. परत आल्यावर त्या दोघांनी आमच्याच रांजणातलं पाणी मागून घेतलं आणि ओसरीत खाली बसले. ते बघून पारावरची तीन-चार माणसं वस्तीत आली. बाकीची उठून घरी गेली.

सासूबाईंनी जवानांना विचारलं, माझं लेकरू तिकडं कसं राहायचं.

त्यातला एक किंचित हसला. "मावशी, लय झोपायचा. वाऱ्यानं तंबू हलायचा, आमी सगळे जागे, अन् ह्यो घोरायलाय. पांघरूण वढल्याबिगर उठायचा न्हाई."

सासूबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. "हितं न्हाई झोपला रं," एवढंच म्हणाल्या.

जवान एसटीला गेले. सासूबाईंनी खराटा घेतला आणि सकाळी झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही. मलाही कुठं बसवत नव्हतं.