पाठीवरचा लाल पंजा

त्या सामन्यात मला हात लागला होता. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

शाळेत असताना मी कबड्डीच्या संघात होतो, म्हणजे राखीव. माझं काम पाण्याची कळशी सांभाळायची आणि ओरडायचं. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आमचा एक गडी पाय मुरगळून बसला, तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं. मासळीबाजार उठताना उरलेल्या बांगड्याकडे पाहावं, तसं.

मैदान जांभ्याच्या लाल मातीचं. बाकी सगळे नखशिखांत लाल झालेले आणि मी आईने नीळ घालून धुतलेल्या पांढऱ्याफेक बनियनमध्ये. "अरे, हा लग्नाला निघालाय की काय!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि शेवटची चढाई त्यांची होती. बरोबरी झाली असती तर जादा वेळेत त्यांनी आम्हाला धुतलंच असतं. चढाईला आला तो हर्णेकडचा एक काटक पोरगा. आमची निम्मी फळी त्या दिवशी त्यानेच बाद केली होती. तो अंगावर येताना बघून मी घाबरून वळलो आणि त्याचा पंजा सपकन माझ्या पाठीवर बसला. पुढच्या क्षणी तो मध्यरेषेपलीकडे होता. पंच समोरच्या बाजूला उभे, त्यांना काहीच दिसलं नाही.

आमच्याकडे रीत अशी, की लागलं तर पंचाची वाट बघायची नाही. आपणच हात वर करायचा आणि बाहेर जायचं. माझा हात वर गेला नाही. बनियनवर त्याच्या पंजाचा लाल ठसा उमटला असणार, एवढं मात्र लगेच सुचलं. मी पाय घसरल्यासारखं करून उताणा पडलो आणि पाठ मातीत चांगली घोळवली.

"लागलाय ओ सर! पाठीवर बघा त्याच्या, माझा पंजा आसल!" तो पलीकडून ओरडला.

पंच आले, त्यांनी मला वळवलं. सगळी पाठ लाल. लोक खो खो हसले.

"काय रे, लागला होता?"

"नाय सर."

सामना आम्ही जिंकला. त्याच्या सरांनी त्याला सगळ्यांसमोर माझी माफी मागायला लावली. तो आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "पंजा तर नाय दिसला. चुकलं आसल माझं. मस्त खेळलास." खेळलो कुठे होतो? लोळलो होतो. घरी आईने बनियन बघून कपाळावर हात मारला. शेजारणींना मात्र कौतुकाने सांगितलं, "जिंकून आलाय हो!"

यंदा थंडीत मुलीचा शाळेचा सामना बघायला गेलो. ऐन अटीतटीच्या वेळी तिला जरासं बोट लागलं. पंचांची शिट्टी वाजली नव्हती, तरी ही हात वर करून सरळ बाहेर. संघ हरला.

"अगं, कोणी बघितलं नव्हतं," मी पुटपुटलो.

"मला कळलं ना, बाबा!" म्हणाली आणि जिंकलेल्या मुलींच्याच घोळक्यात वडापाव खायला पळाली.

तेवढ्यात पंच माझ्याकडे आला. केस पिकलेले, पण अंग तसंच काटक. तोच होता.

"अरे, तू तो बनियनवाला!" म्हणत त्याने मला मिठीच मारली. मग सगळ्या मुलींना हाक मारून जमवलं. "पोरींनो, दरवर्षी सामन्याआधी मी सांगतो ना, एकदा हरायच्या भीतीने हात लागला म्हणून खोटंच ओरडलो होतो? तो गडी हा. पण याने कधी राग नाय धरला."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी सगळ्यांत जोरात.

"सोड रे, पोरवय ते," मी म्हणालो. वर त्याने मला वडापावही खिलवला. गरम होता, फक्कड होता, आणि मी तो सगळा खाल्ला.

त्याच्या गोष्टीने पोरं खरं वागायला शिकतात, मग बिघडलं काय, अशी घरी येताना मनाची समजूत घालून पाहिली. पटली नाही. माझं खोटं तो इतकी वर्षं स्वतःचं म्हणून सांगत आलाय.

त्याचा हात मला लागला होता. तो खोटं ओरडला नव्हता. हे मला त्याला सांगायचं आहे, त्याच मुलींसमोर आणि माझ्या मुलीसमोर. अजून सांगितलेलं नाही.