आंजेलीनबायच्या डोळ्यांचे पैसे

बकुळीची फुले कोणी तोडत नाही. ती पहाटे झाडाखाली पडलेली असतात, आपण फक्त ओंजळ भरायची. आमच्या पेडण्याकडे त्यांना ओवळां म्हणतात. आंजेलीनबायचे किस्सेही आमच्या वाड्यावर असेच साठले. मुद्दाम कोणी जमवले नाहीत, पण वास अजून गेलेला नाही!

आंजेलीनबाय माझी शेजारीण. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा मिंगेल बोटीवर. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण, आणि कुंपणापाशी तिचा खुरीस, चुन्याने रंगवलेला पांढरा क्रूस. मी सोमवार, संकष्टी, एकादशी सगळे धरणारी. ती रोज तिन्हीसांजेला खुरसापुढे मेणबत्ती लावून जपमाळ ओढणारी. दोघींचे छान जमायचे.

गोवा राज्य व्हायच्या आधीची ती वर्षे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मिंगेलचे लग्न ईस्टरनंतर ठरलेले. 'आईने माझी नवरी नीट बघावी,' एवढेच त्याचे मागणे. ऑपरेशनसाठी तो बोटीवरून पैसे पाठवायचा. ते पैसे कुठे जायचे, ते ऐका!

* * *

पहिल्यांदा पैसे आले तेव्हा ती एकटीच बसने म्हापशाला डॉक्टरकडे गेली. परतली ती उन्हे कलल्यावर, गाणे गुणगुणत.

"डॉक्टर काय म्हणाले गं?" मी कुंपणावरून विचारले.

"डॉक्टर गावलो ना. पूण पेशंट गावलो!"

स्टँडवर सावंतवाडीकडची एक बाई रडत बसली होती म्हणे. नवरा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर कामाला. त्याचा पाय चिरडला होता, तो इस्पितळात, आणि औषधे बाहेरून आणायची. आंजेलीनबायने पाकीट तसेच्या तसे तिच्या ओटीत टाकले!

"अगं, ना ओळख ना पाळख!"

"वळख आसा गो," ती म्हणाली. "जेजू तिच्या कुशीक बसलेलो. माका धुकें दिसता, पूण इतकें दिसता."

जेजू म्हणजे तिचा येशू. मी कुंपणावरच्या जास्वंदीकडे बघत उभी राहिले.

* * *

आमचे हे पोस्टात. स्वभाव एकदम सरळ. एका शनिवारी पहाटे त्यांना खुरसाच्या पायथ्याशी, मेणबत्तीच्या थोटकाखाली एक नोट दिसली. 'कोणाची तरी पडली बिचाऱ्याची!' म्हणून यांनी ती उचलली आणि घरोघर विचारत फिरले. आमचा वाडाही प्रामाणिक. सगळ्यांनी माना हलवल्या! शेवटी यांनी ती नोट देवळाच्या फंडपेटीत टाकली आणि निवांत झोपले.

नंतर कळले, दर शुक्रवारी आंजेलीनबायच तिथे नोट ठेवायची. ज्याला अडचण असेल त्याने अंधारात न्यावी. कोणी दिली ते घेणाऱ्याला कळू नये, कोणी नेली ते हिला कळू नये.

हे ओशाळून तिच्याकडे गेले. ती खळखळून हसली.

"बरें केलें बाब! तो पयसो देवाकच दिल्लो. ताणें फकत घर बदल्लें!"

तेव्हापासून हे खुरसासमोरून जाताना आभाळाकडे बघत चालायचे. एकदा थेट गटारात गेले!

* * *

दुसऱ्यांदा पैसे आले तेव्हा मी सोबत निघाले. म्हटले, आता बघू कशी वाटेत पाकीट सोडते!

पण राजभाषा मराठी की कोंकणी, या आंदोलनाचे ते दिवस. रस्त्यावर माड आडवे टाकलेले, पोलीस उभे, बस अडकली. बसमध्ये अर्धे मराठीवाले, अर्धे कोंकणीवाले. सकाळभर भांडून सगळ्यांचे घसे बसले. पोटात मात्र कोणाच्याच काही नाही. तेवढ्यात पदेर, आमचा पाववाला, सायकलवर टोपली बांधून आला. आंजेलीनबाय खाली उतरली, पाकीट उघडले आणि त्याची टोपलीच विकत घेतली! त्याला पुन्हा बेकरीत पिटाळले, दुसरी टोपली मागवली, नंतर केळ्यांचे घड.

"मराठीवाल्यांक दोन पाव, कोंकणीवाल्यांक दोन," ती वाटत निघाली.

कोणीतरी चेष्टेने ओरडले, "आनी पोलिसांक?"

"पोलिसांक तीन. ते बापडे सकाळधरन उबे!"

बस तिथूनच परत फिरली. डॉक्टर पुन्हा राहिला.

* * *

मग मिंगेलने मला लिहिले, 'काकी, यापुढे पैसे तुमच्याकडे ठेवा. आईच्या हातात दिले की ते देवाकडे पोचतात, डॉक्टरकडे नाही.'

पुढचे पैसे आले, ते मी देव्हाऱ्यात, देवांच्या मागे ठेवले. आणि तिच्या डोळ्यांसाठी सोळा सोमवार धरले. तिला कळले मात्र, तीही सोमवारी जेवेना! तिचे ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार चालूच होते. त्यात ही भर. न शिजवलेला तांदूळ ती तुयेच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या, पहिला पगारही अजून न झालेल्या मुलींच्या खोलीवर पाठवून द्यायची.

"अगं, खाशील कधी?"

"सोमवार तुजो, शुक्रार माजो. पूण बुधवारा सुंगटां, दोगांयची!" म्हणजे बुधवारी दोघींना कोळंबी.

दृष्टी मात्र विझत चालली होती. भिंतीला हात लावत चालायची. डॉक्टरचे नाव काढले की म्हणायची, "माज्यापरस गरज आसलेलें कोण तरी आसतलें गो. ते पयशे तुज्या देवांफाटल्यान बसून किदें करतात?"

* * *

ईस्टर जवळ आला. एका सोमवारी पूजेला बसले असताना मला सुचले. व्रतात खोटे बोलायचे नाही, म्हणून मी एकेक शब्द निवडून तिच्याकडे गेले.

"आंजेलीनबाय, एक विधवा आहे. मुलगा दूर असतो. दोन्ही डोळे जायला आलेत."

"आमच्या धर्माची?"

"तुमच्याच. इथलीच, जवळची."

ती ताडकन उठली. "आनी तूं पयशे दवरून बसल्या? आवय गे! दी तिका आयजूच!"

मी डॉक्टरची वेळ घेतली. त्या दिवसापर्यंत रोज तिन्हीसांजेला ती त्या बाईसाठी खुरसापुढे गुडघे टेकत होती. कुंपणापलीकडून येशूच्या आईकडे तिचे मागणे मला ऐकू यायचे, "सायबिणी, त्या बापडेक उजवाड दी." आवाज भरून आलेला. स्वतःसाठी तिला असे मागताना मी कधीच ऐकले नव्हते.

"तिका सोबत कोण?" तिने विचारले.

"आपण दोघी."

म्हापशाला दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो. तिच्या मांडीवर गाठोडे, त्यात त्या बाईसाठी दोदोलाची मिठाई आणि स्वतःची चांगली शाल. दार वाजले की ती मान वळवायची.

"अजून येवंक ना?"

"येईल," मी म्हटले. जनेलातून पांढरे ऊन आत येत होते, आणि त्यात धूळ तरंगत होती.

नर्स दारात आली. "आंजेलीन कोण? आंजेलीन!"

तिने तोंड माझ्याकडे वळवले. माझी मान वर होईना. डोक्यावर पंखा कुरकुरत होता.

गाठोडे काखेत मारून ती उठली. झगा सारखा केला, आणि चाचपडत माझा हात धरला.

"चल वयनी," ती म्हणाली. "त्या बापडेक आनीक वाट बगूंक लावूया नाका."