ओढ्यापलीकडची मी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलेय. वनरक्षक आहे मी. नोकरीच अशी की दिवसदिवस माळावर एकटीनं फिरायचं... घाबरून कसं चालेल? तरस बघितलंय, लांडगे बघितलेत. पण ज्याला नाव देता येत नाही असं काही कधी समोर आलं नव्हतं, आणि येतं यावर विश्वासही नव्हता. जे झालं ते जसंच्या तसं लिहितेय. माणसांची नावं बदललीत, गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

सांगोल्याहून मंगळवेढ्याकडं जाताना डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक मोठा माळ लागतो. मधून ओढा जातो, बहुतेक कोरडाच. अलीकडचं जंगल माझ्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या हद्दीत, पलीकडचं शाहीनच्या. जंगल म्हटल्यावर दाट काही डोळ्यांपुढं आणू नका — कडुनिंब, सिसू, खैर, मधूनमधून बोरी-बाभळी. शाहीन आणि मी एकाच बॅचच्या, ट्रेनिंगला एकाच खोलीत राहिलेल्या. तिच्या घरच्या शिरखुर्म्याशिवाय माझी ईद झाली नाही आणि माझ्या घरच्या पुरणपोळीशिवाय तिची होळी.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. पहिल्या वर्षी नुसती पानं गळाली. दुसऱ्या उन्हाळ्यात झाडं उभ्याउभ्या वाळली. साल नखानं खरवडली की आत हिरवं दिसायला हवं. तिथं किडीनं पाडलेला भुसा हाताला लागायचा. आणि वाळक्या जंगलाला पेटायला एक बिडी पुरते. म्हणून वरून सूचना आल्या — मेलेली झाडं खूण करून काढा, थोडी पक्ष्यांसाठी उभी ठेवा, धुगधुगी असलेली बुंध्याशी छाटा म्हणजे फुटवा येईल, फांद्या उताराला आडव्या टाका म्हणजे माती थांबेल, चर साफ ठेवा. दोघींनी अगदी तेच केलं. मजूर बायकाही त्याच, आलटून पालटून माझ्याकडं आणि तिच्याकडं.

पुढच्या पावसाळ्यात थोडाफार पाऊस झाला, दोन्हीकडं सारखाच. फुटवे मात्र आले तिच्याकडंच.

एकेका खोडाला कोवळे, तांबूस, हात लावावासा वाटेल असे फुटवे. आणि ओढ्याच्या अलीकडं माझी खोडं नुसती काळी पडत चाललेली. आमचे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे तेव्हा गाडी माझ्या बीटातूनच जायची, पण काच खाली व्हायची ती ओढा ओलांडल्यावर. ग्रुपवर तिच्या फुटव्यांचे फोटो पडायचे. मी अंगठा टाकायचे आणि फोन उपडा ठेवायचे. शाहीन मिरवली असती तर बरं झालं असतं, निदान मनमोकळं भांडता तरी आलं असतं. ती आपली म्हणायची, तुझ्याकडंही येतील गं, थोडं थांब. त्या "थोडं थांब"नं माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. माती तीच, पाऊस तोच, मग हिच्याच हाताला का यश? रात्रंदिवस डोक्यात तेवढंच.

अशात एकदा बिरूमामा भेटले. त्या माळावर वर्षानुवर्षं मेंढरं चारणारे. म्हणाले, "म्याडम, आपलं रान सोडून तुमी रोज दुपारचं तिकडं का जाता?"

मी विचारलं, तिकडं म्हणजे कुठं?

"पलीकडं की. त्या निंबाच्या खोडापाशी बसता. म्या हाक मारली, तर वळला पन न्हाई."

मी म्हटलं, ती शाहीन मॅडम असेल. त्यांनी मान हलवली. "त्या लई उंच हायत. तुमीच व्हता. डोक्याला हिरवा पंचा."

हिरवा पंचा मीच बांधते, उन्हासाठी. पण मी पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. त्या फुटव्यांकडं बघणंच मला सोसत नव्हतं. म्हातारपणी नजर गेली असेल म्हणून सोडून दिलं. मग मजूर बायका कुजबुजायला लागल्या, मॅडमना पलीकडचं रान आवडतंय म्हणून. त्या ज्या दिवसाचं सांगत होत्या, त्या दिवशी मी नवऱ्यासोबत सोलापुरात, सात रस्त्याजवळ डोळ्यांच्या डॉक्टरकडं बसले होते. डोळ्यांत औषध घालून!

माझा संशय सरळ शाहीनवर गेला. हीच पसरवत असणार, मी जळते, चोरून बघायला येते म्हणून. दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, तिला जाब विचारायला मी माझ्या बाजूच्या टेकाडावर चढले. तिथंच फोनला रेंज येते. पलीकडं शाहीन दिसत होती, उभी. मी फोन लावला. ती खिशात हात घालेपर्यंत माझं लक्ष तिच्या पायाशी गेलं. कुणीतरी खोडाजवळ उकिडवं बसलं होतं, माझ्याकडं पाठ करून. खाकी कपडे, डोक्याला हिरवा पंचा. दोन्ही हातांनी बुंध्याभोवतीची माती सारखी करत होतं.

फोन उचलून शाहीन हसली. "अगं, फोन कशाला करतेस? समोरच तर बसलीयेस."

ऊन डोक्यावर, सगळं लख्ख दिसत होतं. शाहीन वाकली आणि तिनं त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. फोनमध्ये मला तिचा आवाज ऐकू आला — माझ्याशी नाही, तिच्याशी बोलत होती. "चल गं, पाणी पी आधी."

मी ओढ्यातून धावतच गेले. चढ चढून वर पोचले तर शाहीन एकटी. हातात फोन, तोंड पांढरं पडलेलं. एकदा माझ्याकडं बघायची, एकदा त्या खोडाकडं. "तू आत्ता इथं होतीस... तिकडून कशी आलीस?"

नंतर बसून तिनं सगळं सांगितलं. पाऊस सुरू झाल्यापासून मी येत होते म्हणे. बोलायची नाही. तिला वाटलं, माझी झाडं गेली म्हणून मन रमवायला येत असेन, म्हणून तिनंही कधी विषय काढला नाही. माझ्यासाठी पाण्याची बाटली वेगळी आणायची. मी विचारलं, खांद्याला हात लावलास तेव्हा काय लागलं? ती म्हणाली, "कापड उन्हानं तापलं होतं. आत माणूस होतं. तूच होतीस."

मी खाली वाकून बघितलं. त्या बुंध्याभोवतीच्या मातीत बोटांचे ताजे ठसे होते. माझे हात कोरडे, स्वच्छ.

त्यानंतर ती पलीकडची मी कुणालाच दिसली नाही. बिरूमामांनाही नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा भास. मग तो तिघाचौघांना एकसारखा कसा झाला? नवऱ्याच्या मते बायकांनी थट्टा केली. शाहीनला थट्टा करता येत नाही, हे मला ट्रेनिंगपासून माहीत आहे. ती घरी जाऊन दोन दिवस तापानं पडली होती.

माझ्याकडची बरीचशी खोडं शेवटी उपटावीच लागली. त्या जागी आम्ही बोर, हिवर, आपटा लावला. काही जगलंय, काही नाही. पलीकडचं रान आता डोक्याइतकं वाढलंय. शाहीनशी पहिल्यासारखं बोलणं आहे, तिच्या फुटव्यांचं मला आता तेवढं काही वाटत नाही.

उत्तर आजही नाही. इथल्या कुणाला असा काही अनुभव आला असेल तर सांगा. लोक विचारतात, भीती वाटते का? खरं सांगू... भीती नाही वाटत. हेवा वाटतो, त्या पलीकडच्या बाईचा. जी मला बघवत नव्हती, त्या शाहीनच्या झाडांशी ती सगळा पावसाळा बसली, त्यांची माती हातानं सारखी केली. आणि माझीच असून, एकदाही ओढा ओलांडून माझ्याकडं आली नाही.