वा म्हणजे ये

बार्शीच्या बाळकृष्ण गुरुजींच्या विद्युलताने वर्षभर चेन्नईला जाऊन सेवा करायचं ठरवलं, तेव्हा नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. बी.कॉम. झालेल्या मुलीने बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून परमुलखात म्हाताऱ्यांचे हातपाय हलवायला जायचं, हे कुणाच्याच पचनी पडेना. गुरुजींच्याही पडलं नव्हतं. पण मुलगी हट्टाला पेटली की तिच्यापुढे आपली डाळ शिजत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः कुर्डुवाडीला येऊन तिला गाडीत बसवून दिलं.

ज्या संस्थेने तिला बोलावलं होतं ती दरवर्षी काही तरुण मुलंमुली सेवेसाठी घ्यायची आणि त्यांच्या राहण्याखाण्याची सोय बघायची. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका चिंचोळ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, तिघींना मिळून एक खोली मिळाली. दुसरी होती वाणी. मदुरैची, दणकट, कमी बोलणारी, आणि सकाळी उठल्याउठल्या गादीची घडी घातली नाही तर दिवसभर फुगून बसणारी. ती जवळच्या शाळेत मागे पडलेल्या मुलांना शिकवायची. तिसरी श्रीलक्ष्मी, संस्थेच्या कचेरीत काम करणारी, तंजावूरकडच्या मराठी घरातली. विद्युलताला मोठा आनंद झाला, चला, कुणीतरी आपल्या भाषेचं आहे. पण श्रीलक्ष्मीने पहिल्याच दिवशी तिला "चोखोट अस्सास की?" असं विचारलं, आणि बार्शीच्या या मुलीला वाटलं, आपल्याला स्वच्छ आहेस का, अंघोळ केली का म्हणून विचारतेय. रात्रभराच्या प्रवासाने आधीच चिडलेली, ती तोंड वळवून बसली. चोखोट म्हणजे बरी, एवढंच त्या बिचारीला म्हणायचं होतं. हा घोटाळा निस्तरेपर्यंत संध्याकाळ झाली आणि तोवर तिघींची हसून हसून मैत्री होऊन गेली.

विद्युलताचं काम होतं अर्धांगवायू झालेल्या लोकांच्या केंद्रात. व्यायाम शिकवणाऱ्या ताई सगळं दाखवून जायच्या, आणि मग एकेका माणसापाशी बसून तेच पुन्हा पुन्हा करून घ्यायचं ते विद्युलताने. हे काम कंटाळवाणं आहे असं सगळे म्हणत, तिला मात्र त्याची गोडी लागली. तिचे लाडके होते वेंकटरमण. रेल्वेतून निवृत्त झालेले, उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. त्यांना रोज घेऊन यायच्या त्यांच्या बायको कनकाअम्मा, आणि कोपऱ्यात बसून डोळ्यांत तेल घालून पाहत राहायच्या. आपल्या नवऱ्याला कुणी जरा उलटसुलट धरलं तर त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई.

विद्युलताला तमिळ यायचं नाही. तिने कामापुरते चार शब्द पाठ केले होते, आणि बाकीचं काम ती हातवारे आणि हसू यांवर भागवायची. कुणाला काही जमलं की तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "वा! वा!" आपल्याकडे एखाद्याने चांगली तान घेतली की म्हणतो तसं. तिला एकच गोष्ट खटकायची. ही शाबासकी दिली की लोक खूश व्हायचे सोडून गडबडून इकडेतिकडे बघायचे. कनकाअम्मा तर कपाळाला आठ्या घालायच्या. विद्युलताने मनाशी धरलं, इथली माणसंच जरा रुक्ष.

एका सकाळी वेंकटरमणांनी खुर्चीत बसल्याबसल्या उजवा पाय चांगला वीतभर उचलला. विद्युलताला इतका आनंद झाला की ती दोन पावलं मागे सरून टाळ्या वाजवत म्हणाली, "वा! वा! वा!" वेंकटरमणांनी तिच्याकडे पाहिलं, खुर्चीचा हात धरला आणि ते उठले. क्षणभर उभेही राहिले. मग तिच्या दिशेने पाऊल टाकायला गेले आणि हातावर पडले.

मनगटाचं हाड मोडलं. मोडला तोही डावा हात, म्हणजे धड राहिलेला. कनकाअम्मांनी त्या दिवशी केंद्र डोक्यावर घेतलं आणि आता इथे पाऊल ठेवणार नाही म्हणून सांगून टाकलं. त्या काय बोलल्या ते विद्युलताला कळलं नाही, पण कुणाला बोलल्या ते कळलं.

संध्याकाळी खोलीवर तिने सगळं सांगितलं, तेव्हा श्रीलक्ष्मीने कपाळावर हात मारला.

"वा म्हणजे ये गं," ती म्हणाली. "तेही या नव्हे, ये. मोठ्या माणसाला वांगा म्हणायचं."

म्हणजे इतके दिवस ही बया आजोबांच्या वयाच्या माणसांना लहान पोरासारखं ये, ये म्हणून हाका मारत होती. शेवटी एक माणूस बिचारा आला, तर पडला. दुसऱ्या कुठल्या दिवशी विद्युलता यावर पोट धरून हसली असती. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी केंद्रात गेली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. गुरुजींना फोन करून तिने सांगितलं की मला हे जमत नाही, मी परत येते. गुरुजींच्या आवाजातला सुटकेचा भाव लपला नाही. त्यांनी लगेच पुढच्या आठवड्यातलं तिकीट काढलं.

तिला वाटलं होतं, दोघी आपल्याला थांबवतील, निदान चार शब्द सुनावतील. तसं काही झालं नाही. तिच्या पाळीचा स्वयंपाक वाणीने न बोलता स्वतःकडे घेतला. तिची गादीसुद्धा वाणीच घडी घालून ठेवू लागली, आणि वाणीला ओळखणाऱ्याला त्याची किंमत कळेल. सकाळी मात्र दोघी नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडत. कुठे जाता, असं विचारलं की श्रीलक्ष्मी म्हणे, देवळात. विद्युलताला थोडं लागलं. आपण इथे कोमेजून पडलोय आणि या दोघींना देव सुचतोय.

निघायच्या आदल्या दिवशी तिला राहवेना. न सांगता जाणं बरं दिसत नाही म्हणून ती कनकाअम्मांच्या घरी माफी मागायला गेली. काय म्हणायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं. दार उघडंच होतं. आत वेंकटरमण खुर्चीत बसलेले, डावा हात प्लास्टरमध्ये. त्यांच्या पायाशी वाणी बसली होती आणि उजवा पाय गुडघ्यात वाकवून हळूहळू सरळ करत होती. शेजारी श्रीलक्ष्मी त्यांना इडली भरवत होती आणि सांडलेलं पदराने टिपून घ्यावं तसं आपल्या ओढणीने टिपत होती.

कनकाअम्मा स्वयंपाकघरातून आल्या. विद्युलता घोकलेलं सगळं विसरली आणि नुसती हात जोडून उभी राहिली. कनकाअम्मा बोलल्या ते श्रीलक्ष्मीने तिला मराठीत सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी या दोघींच्या तोंडावर दार लावलं होतं. दुसऱ्या दिवशी या पुन्हा हजर. आमच्या मैत्रिणीच्या हातून झालं म्हणजे आमच्याच हातून झालं, तेव्हा हात बरा होईपर्यंत आम्ही येणार, असं या दोघी म्हणाल्या. अशा पोरींवर किती दिवस रागवायचं? अम्मांचा राग अजून गेलेला नव्हताच. पण पडायच्या आधी हा माणूस उभा राहिला होता, तेवढं त्यांनी पाहिलं होतं.

"अस्के लोक ह्यांना बस, बस म्हणतात, म्हणून म्हणतात अम्मा," श्रीलक्ष्मीने सांगितलं. अस्के म्हणजे सगळे. "ये म्हणणारी तू एकटी. पुढच्या सोमवारी केंद्रात आणते म्हणतात. पण तू वांगा म्हणायचं."

विद्युलताने कसंबसं "वांगा" म्हटलं. बाजारात भाजी मागितल्यासारखं वाटलं, पण वेंकटरमणांचं अर्धं तोंड हसलं.

परतताना तिघी गल्लीतून ओळीने चालत होत्या. इतकं सख्ख्या बहिणीने केलं नसतं, असं विद्युलताला वाटत होतं, आणि त्याच वेळी रागही येत होता. आठवडाभर मी त्या खोलीत रडत होते, मला का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. श्रीलक्ष्मी चालता चालता म्हणाली, "सांगितलं अस्तं, तर थँक्स म्हणून गाडीत बसून गेली अस्तीस."

विद्युलता खरोखरच तसं करून गेली असती.

खोलीवर आल्यावर तिने गुरुजींना फोन लावला आणि तिकीट रद्द करा म्हणून सांगितलं. गुरुजींनी काळजीने विचारलं, "अगं, पण तिथे पुन्हा काही झालं तर? तुझं कोण आहे तिथे?"

वाणी तांदूळ धूत होती. श्रीलक्ष्मी ओढणीवरचा सांबाराचा डाग चोळत होती.

"आहेत दोघी," विद्युलता म्हणाली.