सोमवारचा गल्ला

चिपळूणहून निघालेली एसटी सकाळी सात वाजता छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकात शिरली, तेव्हा माझी मान वाकडी झाली होती आणि निश्चय मात्र सरळ होता. या शहरात येणाऱ्यांच्या पिशवीत लेण्यांचं माहितीपुस्तक असतं. माझ्या पिशवीत तीन दिवसांचे कपडे, बायकोने दिलेले लाडू आणि बँकेची सोनेतारणाची नोटीस होती.

नोटीस सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पाटल्यांची होती. चौदा महिन्यांपूर्वी त्या बँकेत ठेवून मी चाळीस हजार रुपये काढले आणि मित्राला, दिगंबरला, दिले. महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर पाटल्यांचा लिलाव होणार होता. पाटल्या तिच्या आईच्या. सुमन मला एका शब्दाने बोलली नाही, फक्त काचेच्या बांगड्या भरून आली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दिगंबर आणि मी एकाच कारखान्यात होतो, सात वर्षं एकाच खोलीत राहिलो. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर त्याने माझे कपडे धुतले होते. कारखाना बंद पडल्यावर तो आपल्या गावी, अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरला गेला आणि पर्यटकांना गारगोट्या (आत स्फटिक असलेले दगड) विकू लागला. दुकानासाठी त्याने पैसे मागितले, मी दिले. त्यानंतर कधी मेहुण्याचं ऑपरेशन निघालं, कधी फोन हौदात पडला, कधी बँकेचं मशीन बिघडलं. शेवट मात्र दर वेळी एकच असे : "सोमवारी लई धंदा होतो रे. येत्या सोमवारचा गल्ला तुझाच."

असे पन्नासेक सोमवार मी वाट पाहिली. म्हणून आलो तोही सोमवारीच, गल्ल्याच्या मुहूर्तावर.

क्रांती चौकाजवळच्या लॉजवर अंघोळ उरकून खाली हातगाडीवर पोहे घेतले. पोह्यांवर तर्री (तिखटजाळ रस्सा) ओतून देतात, हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं आणि नेमका तेव्हाच दिगंबरने फोन उचलला.

"मी संभाजीनगरला आलोय," मी नाक ओढत म्हणालो.

पलीकडून आवाज आला, "आरं, रडतो कामून?"

"रडत नाही. पोहे खातोय. तुझ्याकडे निघालो आहे."

"आज नको येऊ, बाबा. सोमवार हाय. लेण्यांवर मुंगीला पाय ठेवायला जागा नाय, गिऱ्हाईक सोडून पाणी प्यायला फुरसत नाय. तू मकबरा बघ, आराम कर. संध्याकाळी पैसे टाकतो, तुझी शप्पथ."

मकबरा बघितला नाही. पिशवी घेऊन रिक्षाने परत स्थानकावर गेलो आणि सिल्लोडमार्गे जाणारी गाडी पकडली.

कंडक्टरला म्हटलं, "अजिंठा लेणी, एक."

त्याने मशीनवरचं बोट उचललं. "आज कशाला जाता? सोमवारी लेण्या बंद राहतेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. उद्या जा."

"दर सोमवारी?"

"मी नोकरीला लागलो तवापासून तरी दर सोमवारीच."

मागच्या बाकावरचे दोघे हसले. माझे कान तापले. चौदा महिने हा माणूस मला कुलूप लावलेल्या लेण्यांचा गल्ला देत होता आणि मी बावळट दर सोमवारी संध्याकाळी मोबाइल उशाशी घेऊन बसत होतो. राग आला, आणि रागाने माझं डोकं एकदम साफ झालं.

"फर्दापूर, एक," मी म्हणालो.

फुलंब्री मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची कणसं वाळत घातली होती आणि कापसाने भरलेले टेम्पो गाडीपुढे सरकत होते. माझ्या कोकणातल्या डोळ्यांना इतकं मोकळं आभाळ सवयीचं नाही, नजर ठेवायला जागाच सापडत नाही. सिल्लोडला शेजारी एक बाई येऊन बसल्या. फर्दापूरच्याच, शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम करणाऱ्या. मी त्यांना लाडू दिला आणि दिगंबरचं घर विचारलं.

"दगडवाले ना? हनुमान मंदिरामागं, निळं दार. घरीच असतील. सोमवारी सारे दगडवाले दगडं धुतेत."

"धुतात?"

"व्हय. आठवडाभराची धूळ बसती ना त्याच्यावर. ब्रशनं घासतेत बसून."

अजिंठ्याचा घाट उतरून गाडी फर्दापूरला थांबली. निळं दार उघडंच होतं. अंगणात दिगंबर पाटावर बसला होता, पुढे पाण्याची घमेली, हातात दात घासायचा जुना ब्रश. जांभळ्या, पांढऱ्या गारगोट्या पोत्यावर वाळत पडल्या होत्या. त्याने मान वर केली आणि ब्रश घमेल्यात पडला.

"गर्दी बरीच आहे," मी म्हणालो.

त्याची बायको मंदा बाहेर आली. "अगं बाई, भाऊ! इतक्या लांबून? बसा, च्या टाकते."

"चहा पितो, वहिनी. जेवतोसुद्धा. मुक्कामाला आलोय," मी पिशवी दाखवली. "पैसे मिळेपर्यंत."

"कशाचे पैसे?" तिने नवऱ्याकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. मी नोटीस तिच्या हातात दिली. तिने सावकाश वाचली, आत गेली आणि चहाच्या आधी दुसरा पाट आणि दुसरा ब्रश आणून माझ्यापुढे ठेवला.

"बसा," ती मला म्हणाली, बघत होती मात्र नवऱ्याकडे. "धुतल्याबिगर इकता येत नाय."

मग आम्ही दोघे मित्र घासत बसलो. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "सोमवारच का सांगत होतास?"

"मंगळवार सांगितला असता तर खरंच द्यावा लागला असता." तो ब्रशकडे बघत म्हणाला. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अजूनच राग आला.

दुपारच्या गाडीने आम्ही दोन पोती घेऊन शहरात परतलो. शहागंजात रफीकभाई म्हणून व्यापारी होते. त्यांनी सर्वांत मोठी जांभळी गारगोटी उजेडात धरली.

"हौ (हो), माल अच्छा है. मगर पचास नक्को (नको) बोलो मियाँ. तैंतीस."

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. रफीकभाईंनी तेहेतीस हजार मोजून त्याच्या हातावर ठेवले.

"दोन हजार ठेवू का मला?" त्याने हळूच विचारलं. "माल भरायला."

"नाही."

त्याचे हात ओले असल्यासारखे वाटले मला. वाईट वाटलं, खरंच वाटलं. हेच हात काविळीत माझे शर्ट पिळत होते. पण पैसे घेतले आणि आतल्या खिशाला पिन लावली. नंतर त्याने मला नान-खलिया (जाड रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खायला नेलं. बिल आलं तेव्हा दोघांचेही हात खिशाकडे गेले. माझा मी मध्येच थांबवला.

घरी पोचलो त्याच दिवशी कमी पडलेले पैसे पगारातून घालून पाटल्या सोडवल्या. सुमनने त्या घातल्या आणि काचेच्या बांगड्या कपाटात ठेवून दिल्या. इतके दिवस मला वाटे की उधारी मागणं म्हणजे मैत्री मोडणं. त्या अंगणात दगड घासताना उलटं कळलं. फोनवर आम्ही वर्षभर एकमेकांशी खोटं बोलत होतो, तो सबबी सांगून आणि मी 'घाई नाही' म्हणून. समोरासमोर बसलो तेव्हाच पुन्हा मित्र झालो.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

"उरलेले सात हजार ध्यानात हायेत बरं का. आता मी वेरूळला बी माल ठेवलाय. तिथं मंगळवारी लई धंदा होतो. येत्या मंगळवारचा गल्ला तुझाच."

स्वयंपाकघरात सुमन पोळ्या लाटत होती. पाटल्यांचा आवाज थांबला. "कोणाचा फोन?"

"दिगंबरचा," मी म्हणालो आणि माळ्यावरची पिशवी खाली ओढली. मग फोनमध्ये सांगितलं, "मंगळवारी येतो. माझा ब्रश काढून ठेव."