परशुराम मेस्त्री आणि मारुतीचा पट्टा

परशुराम मेस्त्रीचं कौतुक ऐकायचं असेल तर तळेऱ्याच्या नाक्यावर कुणालाही विचारा. माझ्याकडून ऐकाल तर थोडं कडूच ऐकाल. त्याला पाना धरायला शिकवलं ते मी, गंगारामने, आणि त्याच्यावर सगळ्यांत जास्त जळलो तोही मीच. आडपडदा कशाला ठेवू?

खारेपाटणहून माझ्याकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा, लग्न झालेला बाप्या होता. सहा वर्षं माझ्या गॅरेजात त्याने ॲम्बॅसिडर उघडल्या, मेटाडोर उघडल्या. बोलायचा कमी. काम झालं की साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा. मेकॅनिकच्या नखांत काळं नको? ह्याच्या नखांत नसायचं. 'पूजेक बसतलंस काय रे भटा?' म्हणून मी डिवचायचो आणि तो नुसता हसायचा. त्या हसण्याचाही मला राग यायचा. सत्त्याऐंशी साली त्याने हायवेच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर, स्वतःचं गॅरेज टाकलं. आदल्या दिवशी नारळ घेऊन पाया पडायला आला. मी तोंडभर आशीर्वाद दिला आणि पुढचे चार दिवस घरात बायकोशी, रुक्मिणीशी, धड बोललो नाही. तिचा बिचारीचा काय दोष होता?

आता सदानंदशेटांचं सांगतो. खताची आणि सिमेंटची वखार त्यांची. वीस वर्षं त्यांच्या गाड्यांना माझ्या गॅरेजाबाहेरचा हात लागला नव्हता. शेटांची गाडी ज्याच्या दारात, तो नाक्यावरचा पहिला मेस्त्री, असा आमच्याकडे हिशेब. ॲम्बॅसिडर होतीच, वर पंच्याऐंशीत त्यांनी पांढरी मारुती व्हॅन आणली. परशुराम तेवढ्यासाठी पंधरा दिवस कोल्हापूरला राहून मारुतीचं काम शिकून आला. मी कशाला जातो? पंचवीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस मी, पोरासोरांच्या रांगेत बसून शिकणार?

अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीनंतर शेटांनी सहज जाता जाता व्हॅन त्याला दाखवली. अठ्ठावन्न हजार किलोमीटर झाले होते. परशुरामने सांगितलं, ह्या इंजिनात साखळी नाही, दात असलेला रबरी पट्टा आहे. साठ हजारांच्या आत बदलून टाका. साखळी झिजली की खडखडते, माणूस सावध होतो. पट्टा आवाज न करता जातो आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं.

शेट तडक माझ्याकडे आले. खरं सांगायचं तर तो पट्टा मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण 'मला येत नाही' म्हणायला जीभ रेटेना. कव्हर जरा ढिलं करून आत डोकावलो. काळा, अखंड, कुठे चीर नाही. मी म्हटलं, "शेट, ह्यो अजून पाच वर्सा चलतलो. नव्या गॅरेजाक गिरायक लागता, त्येका कोण काय करतलो?" शेट हसले आणि माझ्या शब्दावर गाडी घेऊन गेले. त्या दिवशी मी घरी जाताना कांदाभज्यांची पुडी नेली.

पुडी संपली, धाकधूक संपेना. दिवसभर रबर लोखंडावर फिरतंय, तेही कोरडं! जे फिरतं त्याला तेल, हा आमचा बापजाद्यांचा कायदा. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन हळदकुंकू लावतात आणि गाडीच्या आसापासून रहाटापर्यंत फिरणाऱ्या सगळ्याला तेल दाखवतात. शेटांच्या गाड्यांची पूजा दरवर्षी माझ्याच हातची. त्या वर्षी मी व्हॅनचं कव्हर ढिलं केलं आणि त्या पट्ट्याला मनोभावे खोबरेल घातलं. पुढे दर पंधरवड्याला घालत राहिलो. वर स्वतःवर खूश, की कोल्हापूर शिकून आलेल्याला हे कुठलं सुचायला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

एकोणनव्वदच्या एप्रिलात शेटांच्या आईला, अक्काला, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरची तारीख मिळाली. तीन महिने वाट बघून मिळालेली तारीख. सकाळी निघाले आणि करूळच्या घाटात, ऐन चढावर, व्हॅन अवाक्षर न काढता बंद पडली. म्हातारी तीन तास उन्हात दगडावर बसून होती. शेवटी एका ट्रकने दोर लावून व्हॅन परत तळेऱ्याला आणली. तारीख गेली. पुढची पावसाळ्यानंतर, म्हणजे तोपर्यंत अक्काने चाचपडायचं.

शेटांनी माझ्याकडे बघितलंही नाही आणि गाडी परशुरामच्या दारात लावून घेतली. नाक्यावरची सगळी माणसं गोळा झाली. मीही रस्ता ओलांडून गेलो, न जाऊन सांगतो कुणाला? अक्का सुनेचा हात धरून उतरली. दिसत नव्हतं, पण माझा आवाज तिने ओळखला. "गंगाराम मां? जेवलंस काय रे?" म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परशुरामने कव्हर काढलं. पट्ट्याचे दात सोलून निघाले होते, रबर तेलाने फुगून मऊ पडलं होतं, आणि खोबरेलाचा वास मला दोन हातांवरून आला. त्याने बोटं नाकाशी नेली. एकदाच माझ्याकडे पाहिलं. आता हा सगळ्यांसमोर माझी अब्रू काढणार, म्हणून मी दात आवळून उभा राहिलो.

शेटांनी विचारलं, काय झालं? परशुराम खाली बघून म्हणाला, "पट्ट्याचां वय झालां होतां, शेट. दुसरां काय नाय."

मग त्याने काम केलं ते मी तिथेच उभा राहून पाहिलं. पट्टा ज्यांच्यावर फिरतो त्या दोन गिअरांवरचं तेल पेट्रोलने धुऊन कोरडं पुसलं. वरच्या गिअरची खूण तिच्या खुणेसमोर, खालच्या गिअरची तिच्या बाणासमोर आणली आणि मगच नवा पट्टा चढवला. ताण देणाऱ्या पुलीचा बोल्ट लगेच आवळला नाही. आधी पान्याने, हाताने, इंजिन दोन पुरे फेरे फिरवलं आणि खुणा पुन्हा पाहिल्या. एका दाताचा फरक निघाला. न बोलता पट्टा उतरवला, पुन्हा सगळं पहिल्यापासून. शिरा पडली माझ्या तोंडार, मी असतो तर तसाच सेल्फ मारला असता! नशिबाने व्हॉल्व्ह वाकले नव्हते. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. त्याने कव्हरावर रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिले, शेटांना सांगितलं की पन्नास हजारांनी परत या, आणि मधे कधी इंजिनाचं तेल तिथे गळताना दिसलं तर पन्नासाची वाट बघू नका.

वाचलो म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी आणखीच जळलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्याला उभ्यानेच विचारलं, खरं का नाही सांगितलंस?

तो म्हणाला, "गंगादादा, कोल्हापुरात पयल्याच दिवशी पट्ट्याक तेल मियांय लावलंय. साखळेक तेल घालूक तूच शिकयलंस मां? सगळे माका हसले. तुका कोणी हसूक नको होतां."

चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. ह्याला काय देऊ? तिथून निघालो तो थेट शेटांच्या ओटीवर. अक्का बाजूलाच बसली होती. तेलाची सगळी हकिकत सांगितली, खंडेनवमीपासून. लोक म्हणतात गंगाराम खरा माणूस, स्वतःहून कबूल झाला. कसला खरा नि कसलं काय! परशुराम एकटाच मोठा ठरतोय, हे मला सोसवत नव्हतं, म्हणून गेलो.

 शेट म्हणाले, "गंगाराम, उद्यापासून दोन्ही गाड्या परशुरामकडे जातील." शेट घरात असलं कचेरीतलं मराठी बोलले, की विषय संपला म्हणून समजायचं.  मी उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परशुराम शेटांची ॲम्बॅसिडर स्वतः चालवत रस्ता ओलांडून माझ्या दारात आला. उतरला, चावी पुढे केली आणि म्हणाला, "दादा, हिचां काम माका जमणा नाय. शेटांका तसां सांगलंय. ही तूच बघ."

खोटारडो मेलो! ह्याच ॲम्बॅसिडरचं इंजिन त्याने माझ्या हाताखाली तीनदा उतरवून चढवलं होतं, डोळे बांधले तरी त्याला जमलं असतं. 'नको माका तुझी भीक' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. समोरच्या चहाच्या टपरीवरून चार माणसं बघत होती.

मी हात पुढे केला आणि चावी घेतली.